राणीची नाडी

राणीला भूल देण्याआधी मी तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. १०४. श्वास २४. तापमान ३८.६. रक्तदाबाचा पट्टा लावून घेतलेला सरासरी दाब, ज्याला आम्ही दिवसभर नुसतं 'मीन' म्हणतो, ९८. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या, टॉर्च दाखवला की दोन्ही पटकन आकसणाऱ्या. एवढं सगळं मी भुलेच्या तक्त्याच्या डोक्यावर लाल पेनाने लिहून ठेवलं. मेंदूच्या रुग्णाच्या बाबतीत ही ओळ मी कधीच रिकामी सोडत नाही. भूल दिल्यानंतर दिसणारा आकडा चांगला की वाईट हे ठरवायला पुस्तकातली सरासरी पुरत नाही. त्या कुत्र्याचा जागेपणीचा आकडा हाताशी लागतो.

राणी नऊ वर्षांची बॉक्सर, वजन २६ किलो. तीन आठवड्यांपूर्वी तिला झोपेत पहिली आकडी आली. मग ती घरात डावीकडेच गोल गोल फिरायला लागली, कोपऱ्यात शिरली की मागे कसं यायचं हे तिला सुचेना, भिंतीला डोकं टेकवून उभी राहायची. तिला घेऊन येणारे काका हे सांगताना दर वाक्याला तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तपासणीत सगळं मेंदूच्या पुढच्या भागाकडे बोट दाखवत होतं, आणि खात्री करायची तर एमआरआय हवा. माणसाला 'हलू नका' असं सांगता येतं. कुत्र्याला एमआरआयसाठी भूल द्यावीच लागते. आणि मेंदूत काहीतरी वाढत असताना खरा धोका त्या भुलेचाच असतो.

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. आत तीनच गोष्टी: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. १७८३ मध्ये अलेक्झांडर मन्रो यांनी हा विचार मांडला, नंतर जॉर्ज केली यांनी तो पुढे नेला, आणि आजही आम्ही त्याच्याच आधारे चालतो: एक गोष्ट वाढली तर दुसरीने जागा सोडायला हवी. गाठ हळूहळू वाढते तेव्हा पाणी सरकतं, थोडं रक्त सरकतं, आणि कुत्रं वरवर ठीक दिसत राहतं. सरकायला जागा उरली नाही की मग अगदी थोड्याशा वाढीनेही आतला दाब झपाट्याने चढतो. मेंदूला रक्त पोहोचवणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाब वजा हा आतला दाब. निरोगी कुत्र्यात हा आतला दाब साधारण ५ ते १२ मिलिमीटर असतो. राणीचा किती होता ते मला मोजता येत नव्हतं, कारण कवटीत तार घालून दाब मोजणं रोजच्या कामात शक्य नसतं. म्हणजे जो आकडा मला सगळ्यात जास्त हवा होता, तोच पडद्यावर नव्हता. बाकीचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून त्याचा अंदाज बांधायचा होता.

त्यामुळे सुरुवातीपासून प्रत्येक गोष्ट त्या न दिसणाऱ्या दाबाचा विचार करून केली. आकडीच्या गोळीचा सकाळचा डोस चुकवायचा नाही, हे काकांना आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घातला आणि रक्त मानेच्या शिरेतून न घेता पायातून घेतलं, कारण मानेच्या शिरा दाबल्या की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. मॉर्फिन नाही, त्याने उलटी होते आणि उलटीच्या प्रत्येक उमाळ्याबरोबर डोक्यातला दाब चढतो. एसप्रोमॅझिन हे गुंगीचं औषधही नाही, बॉक्सर जातीत त्याने रक्तदाब कोसळताना मी स्वतः पाहिलंय. शांत करायला थोडं ब्युटॉर्फेनॉल दिलं आणि पाच मिनिटं ऑक्सिजन. मास्क तोंडावर ठेवताच ती मान झटकायला लागली, म्हणून मास्क काढला आणि नळीच नाकासमोर धरली. झटापट करून दिलेला ऑक्सिजन अशा रुग्णाला महागात पडतो.

श्वासनळीत नळी घालताना ती खोकू नये म्हणून आधी शिरेतून लिग्नोकेन दिलं, किलोला १ मिलिग्रॅम. मग भुलेसाठी शिरेतून प्रोपोफॉल, अगदी हळू, तिच्या जबड्याकडे बघत बघत. नळी आत गेली, ती खोकली नाही. नळीची पट्टी मानेभोवती न बांधता खालच्या जबड्याला बांधली.

एमआरआयच्या खोलीत आपली नेहमीची हत्यारं चालत नाहीत. एमआरआय म्हणजे मोठा चुंबक, लोखंड आत न्यायचंच नाही. मॉनिटर त्या चुंबकासाठी बनवलेला. श्वासनळीतल्या नळीभोवतीचं हवेचं कडं फुगवायचा जो लहानसा फुगा बाहेर असतो त्यातही धातूची बारीकशी स्प्रिंग असते, म्हणून तो चिकटपट्टीने डोक्यापासून लांब लावावा लागतो. ईसीजीच्या तारांना वेटोळं पडलं तर कातडी भाजू शकते. शिवाय त्या चुंबकात ईसीजीचा आलेखच बदलतो: रक्त चुंबकाच्या क्षेत्रातून वाहताना स्वतःच वीज निर्माण करतं आणि टी लाट उंचच उंच दिसायला लागते. नवीन मुलं ते बघून घाबरतात. मी ठोके मोजायला पल्स ऑक्सिमीटरची लाट आणि माझी बोटं यांवर विसंबते. राणीच्या कानात कापसाचे बोळे घातले, पोटावर झोपवलं, मान न वाकवता डोकं छातीपेक्षा किंचित वर ठेवलं आणि टेबल आत सरकलं. बाहेर राहिले फक्त मागचे पाय आणि आखूड शेपूट. डोळे आत, तोंड आत. हिरड्यांचा रंग बघता येणार नाही, बाहुल्या बघता येणार नाहीत. मी कानांवर मफ चढवून शेपटीपाशी बसले आणि मागच्या पंजाच्या वरच्या बाजूला लागणाऱ्या नाडीवर बोट ठेवलं.

आयसोफ्लुरेन, म्हणजे श्वासातून दिलं जाणारं भुलेचं औषध, सव्वा टक्क्यावर होतं. ती स्वतःचा स्वतः श्वास घेत होती, मिनिटाला बारा-तेरा. श्वासाच्या शेवटी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ३७. मला ३५ ते ४० च्या आत हवा होता, कारण या वायूला मेंदूच्या रक्तवाहिन्या फार लगेच प्रतिसाद देतात. तो वाढला की त्या पसरतात, पेटीत रक्त वाढतं, दाब चढतो. पूर्वी बरेच जण उलट टोकाला जायचे, जोरजोरात श्वास देऊन तो पार पंचविशीवर आणायचे. मला ते पटत नाही. ३० च्या खाली वाहिन्या इतक्या आकसतात की दाब उतरतो खरा, पण मेंदूच उपाशी राहतो.

तक्त्यावर दर पाच मिनिटांनी ओळ भरत होते. दहाव्या मिनिटाला नाडी ९२, मीन ७८, कार्बन डायऑक्साइड ३७. पंधराव्याला ८८, ८४, ३८. विसाव्याला ७६, ९७, ३९. ऑक्सिजन सगळीकडे ९८.

विसाव्या मिनिटाची ओळ लिहून पेन खाली ठेवलं आणि परत उचललं. त्या ओळीतला एकही आकडा वाईट नव्हता. भुलेत असलेल्या २६ किलोच्या कुत्र्याची नाडी ७६ असणं ठीक. मीन ९७ म्हणजे तर बहुतेक दिवशी मी खूश होते. आमची निम्मी शक्ती मीन साठाच्या वर ठेवण्यात जाते. पण आयसोफ्लुरेन चालू असताना, काहीही टोचलं-कापलं जात नसताना, रक्तदाब वर का जातोय? आणि दाब वर जात असताना नाडी खाली का येतेय? कुत्रं भुलेतून वर येत असेल तर दोन्ही वर जायला हवेत. भूल जास्त होत असेल तर निदान दाब तरी खाली यायला हवा. माझ्या बोटाखालची नाडीसुद्धा बदलली होती. आधी ती मऊ होती, सहज दबणारी. आता एकेक ठोका सावकाश यायचा आणि बोट वर ढकलायचा, ताणलेल्या दोरीसारखा.

पुढच्या तीन मिनिटांत नाडी ५८ झाली. मीन १२६.

मी हात वर करून काचेपलीकडे खूण केली. स्कॅन थांबलं, टेबल बाहेर आलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी डोक्याला मार लागलेलं एक गावठी कुत्रं माझ्या हातात होतं. त्याची नाडी अशीच पन्नाशीवर आली. मी नाडी वाढवणारं ॲट्रोपिन दिलं. नाडी १३० झाली, मला हायसं वाटलं, मी तक्त्यात तसं लिहिलंही. वीस मिनिटांनी त्याचा श्वास थांबला आणि तो परत सुरू झाला नाही. मंद नाडी हा त्याचा आजार नव्हताच. मेंदूला रक्त कमी पडतंय असं कळल्यावर शरीर सगळ्या वाहिन्या आवळून रक्तदाब चढवतं आणि त्या चढलेल्या दाबाला उत्तर म्हणून हृदय मंदावतं. हार्वी कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हे मांडलं, आणि आम्ही ते 'कुशिंग रिफ्लेक्स' म्हणून परीक्षेत तीन मार्कांसाठी पाठही करतो. दाब वर, नाडी खाली, श्वास अनियमित. ती मेंदूची शेवटची धडपड असते. मी ॲट्रोपिनने तिचा आवाज बंद केला होता, कारण मात्र तिथेच होतं. ते कुत्रं मी अजून विसरलेली नाही.

तेव्हा राणीच्या वेळी ॲट्रोपिनच्या ट्रेकडे मी पाहिलं नाही. आयसोफ्लुरेनही वाढवलं नाही. रक्तदाब चढला की भूल कमी पडतेय असं समजून डायल वाढवणं ही हाताला लागलेली सवय असते. पण आयसोफ्लुरेन मेंदूच्या वाहिन्या पसरवतं आणि रक्तदाब पाडतं. शरीराने जीव खाऊन चढवलेला तो १२६ पाडला असता तर मेंदूला जाणारं उरलंसुरलं रक्तही थांबलं असतं.

पापणी उघडली. डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी, आणि टॉर्चला जेमतेम हलणारी.

आता प्रश्न होता, हे झालं कशाने? गाठ वीस मिनिटांत वाढत नाही. मान सरळ होती, मानेवर दाब नव्हता, नळी दुमडलेली नव्हती. पडद्यावर कार्बन डायऑक्साइड ३९. मी भुलेच्या मशीनची श्वासाची पिशवी हातात घेऊन तिला लागोपाठ तीन-चार श्वास दिले, नजर पडद्यावरच्या कार्बन डायऑक्साइडच्या लाटेवर ठेवून. लाट तशी बऱ्यापैकी होती, वर चढणारी, माथ्यावर सपाट. पण मी श्वास द्यायला लागल्यावर त्या सपाट माथ्याच्या अगदी शेवटी, पुढचा श्वास दाबताक्षणी, एक बारीकसं शिंग वर यायला लागलं. चार श्वास, चार शिंगं.

हे शिंग ज्याने एकदा ओळखलं त्याने ते विसरू नये. श्वासाचा नमुना ओढून घेणारी बारीक नळी कुठेतरी सैल असेल तर मशीन कुत्र्याच्या श्वासाबरोबर खोलीतली हवाही ओढतं आणि आकडा पातळ होऊन खाली दिसतो. कुत्रं स्वतः श्वास घेत असेल तर लाटेचा आकार फारसा बिघडत नाही, त्यामुळे शंकाही येत नाही. आपण पिशवी दाबून श्वास दिला की त्या क्षणापुरता नळीतला दाब वाढतो, बाहेरची हवा आत यायची थांबते आणि खरा, न मिसळलेला वायू मशीनपर्यंत पोहोचतो. तेच ते शिंग. एमआरआयसाठी ही नळी नेहमीपेक्षा कितीतरी लांब असते, दोन तुकडे जोडून केलेली. मी बोटांनी चाचपत गेले. मधला जोड अर्धा फेरा सैल होता. घट्ट केला.

काही सेकंद गेले, लांब नळीमुळे आकडा उशिरा येतो. मग ३९ चे ४८ झाले, ५५ झाले, आणि तो ५७ वर थांबला.

म्हणजे राणी गेला काही वेळ वरवर श्वास घेत होती, तिचा कार्बन डायऑक्साइड चढत होता, मेंदूतल्या वाहिन्या पसरत होत्या, आणि पडदा मला ३९ सांगत होता. खरं सांगायचं तर तिला मी सुरुवातीपासूनच व्हेंटिलेटरवर घ्यायला हवं होतं. बॉक्सरसारख्या आखूड तोंडाच्या, आधीच आकडीच्या औषधावर असलेल्या, ब्युटॉर्फेनॉल दिलेल्या कुत्रीचा भुलेतला श्वास तोकडा पडणार, हे मला ठाऊक होतं. आता मेंदूच्या रुग्णाला मी आपणहून श्वास घ्यायला सोडत नाही.

पुढची दहा मिनिटं हात आपोआप चालले. व्हेंटिलेटर, पण छातीवर जोर नको म्हणून दाब १२ सेंटिमीटरपर्यंतच. छातीत दाब वाढला की डोक्याकडून परतणारं रक्त अडतं. आयसोफ्लुरेन बंद, प्रोपोफॉल पंपावर. टेबलाची डोक्याकडची बाजू फळीसकट उचलली. मानेखाली उशी घातली तर मान दुमडते, म्हणून फळी. मेंदूतला दाब उतरवायला मॅनिटॉल, किलोला अर्धा ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या बाटलीतून ६५ मिलिलिटर, फिल्टर लावून पंधरा मिनिटांत. फिल्टर यासाठी की गारव्यात मॅनिटॉलचे स्फटिक होतात आणि ते डोळ्यांना दिसतीलच असं नाही. टेक्निशियन घड्याळ बघून आकडे मोठ्याने वाचत होता. मी एका हाताने पायातली नाडी धरून होते आणि दुसऱ्या हाताने तिची पापणी.

६२. ६६. ६६. मीन ११८. कार्बन डायऑक्साइड ४४.

७१. मीन १०९. बाहुली अजून मोठीच.

बाराव्या मिनिटाला नाडी ८४, मीन ९४, कार्बन डायऑक्साइड ३६. टॉर्च दाखवला तर डावी बाहुली आकसली, उजवीपेक्षा थोडी उशिरा, पण आकसली. पायातल्या धमनीतून रक्त घेऊन तपासलं: तिथे ४०, पडद्यावर ३६. एवढा फरक असायचाच. बोटाखालची नाडी पुन्हा मऊ झाली होती, आणि माझा पडद्यावर पुन्हा विश्वास बसला तो तेव्हा.

स्कॅन पूर्ण करायचं की नाही यावर वरिष्ठ मॅडमशी दोन मिनिटं बोलले. त्या म्हणाल्या, "आता उठवलंस तर याच धोक्यातून तिला परत एकदा न्यावं लागेल. आकडे दहा मिनिटं स्थिर राहू देत, मग फक्त गरजेच्या प्रतिमा घे." तसंच केलं. डाव्या बाजूला, पुढे, चांगली मोठी गाठ होती, भोवती सूज, आणि मेंदूची मधली रेघ उजवीकडे सरकलेली. बॉक्सरमध्ये दिसणाऱ्या ग्लायोमा या मेंदूच्या गाठीसारखी. मानेतून पाणी काढून तपासायचं आधी ठरलं होतं, ते तिथल्या तिथे रद्द केलं. त्यासाठी मान पूर्ण वाकवावी लागते, आणि वर दाब असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खालच्या छिद्राकडे सरकू शकतो.

उठवताना मी घाई केली नाही. भूल उतरण्याचा वेळ मला नेहमीच जास्त भीतीचा वाटतो, कारण तेव्हा निम्मी यंत्रं काढलेली असतात आणि माणसं सैलावलेली असतात. तापमान ३७.१ होतं. पांघरूण घातलं, पण हीटर लावला नाही. थोडं गार चालतं, ताप आलेला मेंदू चालत नाही, आणि एकदम ऊब दिली की ते हाताबाहेर जातं. आखूड तोंडाच्या कुत्र्याची नळी उशिरा काढायची आणि मेंदूच्या कुत्र्याला नळीवर खोकू द्यायचं नाही, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. तिने गिळायचा पहिला प्रयत्न केला त्याच क्षणी नळी काढली, जीभ बाहेर ओढून धरली, नाकाशी ऑक्सिजन. कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ नळीबरोबर गेला होता, म्हणून छातीवर हात ठेवून श्वास मोजत राहिले. आकडी आली तर म्हणून मिडॅझोलमची सिरिंज भरून शेजारी होती. ती लागली नाही.

रात्रभर दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, दाब, बाहुल्या. पहाटे तिने मान उचलली आणि पाण्याच्या भांड्याकडे बघितलं. नाडी १००. वर लाल पेनाने लिहिलेल्या १०४ च्या मी इतक्या वेळाने जवळ आले होते की त्या शंभराखाली मी दोनदा रेघ मारली.

सकाळी काकांना सगळं सांगितलं, सैल जोडासकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर, तिला दुखलं असेल का हो?" म्हटलं, "नाही काका, ती गाढ भुलेत होती." त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "घरी असं काही व्हायला लागलं तर मला कसं कळणार? माझ्याकडे तर मशीन नाही."

मी त्यांचा हात धरून राणीच्या मांडीच्या आत नेला. त्यांना नाडी सापडायला वेळ लागला. ते फार जोरात दाबत होते. "काका, हलकं धरा, नुसतं टेकवा." सापडली तेव्हा त्यांचे ओठ मोजताना हलायला लागले. ती निवांत पडलेली असताना रोज संध्याकाळी मोजायची, झोपेतला श्वास मोजायचा, आणि नाडी एकदम मंदावून ती गुंगीत दिसली किंवा एक बाहुली मोठी दिसली तर रात्र आहे, सुट्टी आहे असं काही न बघता फोन करायचा, असं ठरलं.

पुढे त्यांनी किरणोपचार नको म्हटलं. प्रत्येक वेळी पुन्हा भूल द्यावी लागेल हे त्यांना सोसवेना, आणि मी त्यांना समजावायला गेले नाही. ती आता सूज कमी करायच्या स्टेरॉइडवर आणि आकडीच्या गोळीवर आहे. रोज साडेसातच्या सुमाराला त्यांचा मेसेज येतो, त्यात फक्त दोन आकडे असतात. काल १०२ आणि १८ होते.